शॉक दिला, पण आकडी आली का?

“शॉक द्यायचे म्हणतायत गं तिला!”

माईंनी हे सांगितलं ते ओट्याला पाठ टेकून, अगदी दबक्या आवाजात. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. बाहेरच्या खोलीत दीड महिन्याचं बाळ झोपलं होतं आणि आतल्या खोलीत त्याची आई भिंतीकडे तोंड करून पडून होती. तीन दिवस तिच्या पोटात पाण्याच्या घोटाखेरीज काही गेलं नव्हतं. बाळाला पाजायला जवळ नेलं की ती म्हणे, “हे माझं नाही. माझं बाळ बदललंय.” आधी आल्यागेल्यांनी बाळंतवात ठरवला. मग कुणी म्हणालं बाहेरचं असेल, म्हणून अंगारा आला. शेवटी एका पहाटे ती गच्चीच्या कठड्याशी उभी सापडली, तेव्हा माईंच्या मुलाने कुणाचंही न ऐकता तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, की गोळ्या सुरू करतो, पण त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि तेवढी सवड आपल्याला नाही. ईसीटी द्यावी हे बरं. ईसीटी म्हणजे आपल्या बोलीतले शॉक.

माईंचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. तुमचा-माझाही राहिला नसता. शॉक म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? चार माणसांनी धरून ठेवलेला रुग्ण, कपाळाला लावलेल्या तारा आणि पलंगावर ताडताड उडणारं शरीर. १९७५ सालच्या ‘वन फ्ल्यू ओव्हर द ककूज नेस्ट’ या इंग्रजी सिनेमात शॉक ही बंडखोर माणसाला दिलेली शिक्षा म्हणून दाखवली होती. आपल्याकडच्या सिनेमांनीही पुढे तोच कित्ता गिरवला.

मी माईंबरोबर गेले ती नुसती सोबत म्हणून. पण तिथे बसल्याबसल्या जे पाहिलं, डॉक्टरांना खोदून खोदून जे विचारलं आणि घरी आल्यावर जे वाचून काढलं, त्यातली एक गोष्ट तुम्हाला सांगावीशी वाटते. ती विजेची नाही. एका कागदाच्या पट्टीची आहे.

तेल नको, कुंकू नको

आदल्या दिवशी सिस्टरनी सूचना दिल्या. रात्री बारानंतर काही खायचं नाही, सकाळी पाणीही नाही. केस शाम्पूने स्वच्छ धुवायचे आणि तेलाचा थेंबही लावायचा नाही. कपाळावर कुंकू नको, टिकली नको. नखांचं रंगकाम काढायचं. केसांतले आकडे, बांगड्या, कानातलं, मंगळसूत्र, सगळं काढून घरच्यांच्या ताब्यात द्यायचं.

मंगळसूत्र काढताना माईंचे हात थरथरले. “सवाशिणीचं कपाळ मोकळं करायला सांगतात,” एवढंच त्या बोलल्या. त्यांना वाटलं, हा आणखी एक अपशकुन. मलाही तेव्हा कारण ठाऊक नव्हतं. नंतर डॉक्टरांनी सांगितलं. मेंदूतली हालचाल टिपण्यासाठी भुवयांच्या वर आणि कानामागच्या हाडावर छोट्या चकत्या चिकटवतात. मेंदूतून डोक्याच्या कातडीपर्यंत पोचणारी वीज इतकी अल्प असते, की ती मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे व्होल्टच्या दशलक्षांश भागात मोजावी लागते. आपल्या टॉर्चचा एक सेल दीड व्होल्टचा. त्याच्याशी तुलना केली, तर मेंदूची नेहमीची लहर जेमतेम काही दशांश मायक्रोव्होल्टची नव्हे, पण काही दहा मायक्रोव्होल्टचीच असते. मधे तेलाचा किंवा पिंजराचा थर आला की ती नीट टिपली जात नाही, पट्टीवर नुसता गिचमिडकाला उमटतो. नखांचं म्हणाल, तर बोटाला जो चिमटा लावून रक्तातला प्राणवायू मोजतात, त्याला नखावरचा रंग आड येतो.

हे कारण जर आदल्या दिवशीच कुणी दोन वाक्यांत सांगितलं असतं, तर माईंची ती रात्र बरी गेली असती. आपल्या दवाखान्यांत सूचना मिळतात, कारणं मिळत नाहीत.

गुण कशाचा? विजेचा की आकडीचा?

बहुतेकांचा समज असा, की वीज मेंदूत जाते आणि तीच काहीतरी दुरुस्त करते. तसं नाही. वीज ही फक्त काडेपेटीतली काडी. तिने मेंदूत एक आकडी पेटवायची. फीट म्हणतो ना आपण, तीच. उपचार आहे तो या आकडीचा.

याचा इतिहास मोठा मजेशीर आहे. १९३४ साली बुडापेस्टमध्ये मेडुना नावाच्या डॉक्टरांनी मनोरुग्णांना मुद्दाम आकडी आणून पाहिली, ती विजेने नव्हे, तर कापराने! आपण आरतीला लावतो तो कापूर, तेलात विरघळवून टोचलेला. काहींना गुण आला. पण टोचल्यापासून आकडी येईपर्यंतचा वेळ रुग्णाला फार भीतीचा जाई. मग एप्रिल १९३८ मध्ये रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी या दोघांनी विजेचा प्रयोग केला. त्या पहिल्या प्रयोगात काय झालं ठाऊक आहे? पहिल्या वेळी करंट कमी पडला आणि आकडी आलीच नाही. करंट वाढवून पुन्हा दिला तेव्हा ती आली. म्हणजे ‘शॉक दिला, पण आकडी आली का?’ हा प्रश्न या उपचाराबरोबरच जन्माला आला.

पुढे १९६० साली स्वीडनमध्ये ओट्टोसन यांनी एक नामी तपासणी केली. काही रुग्णांना वीज नेहमीसारखीच द्यायची, पण सोबत एक औषध देऊन आकडी आखूड करून टाकायची. अशा रुग्णांना गुण कमी आला. मुख्य काम आकडीचं, हे त्यावरून पुष्कळसं स्पष्ट झालं.

गॅस पेटवला म्हणजे भात शिजला असं आपण म्हणत नाही. कुकरची शिट्टी व्हावी लागते. शॉकचंही तसंच. बटण दाबलं एवढ्याने काम झालं नाही.

शरीर निजलेलं, मेंदू जागा

त्या जुन्या काळी शिट्टी ऐकण्याचा प्रश्नच नव्हता. आकडी आली की सगळं शरीर असं कडक होऊन झटके देई, की दारातून पाहणाऱ्यालाही कळे. पण त्या झटक्यांनी पाठीचे मणके दबत, हाडं मोडत. म्हणून १९४० पासून स्नायू सैल करणारी औषधं वापरायला सुरुवात झाली आणि १९५० नंतर सक्सिनिलकोलीन हे झटपट उतरणारं औषध हाती आलं. आता भूल देणारे डॉक्टर आधी शिरेतून झोपेचं औषध देतात, मग हे स्नायू सैल करणारं. तोंडावर प्राणवायूचा मास्क असतो. जीभ चावली जाऊ नये म्हणून दातांमधे रबराचा तुकडा असतो. काही सेकंद करंट जातो. पाहणाऱ्याला दिसतं ते काय? जबडा क्षणभर आवळला जातो, पायाची बोटं थोडी थरथरतात. बस्स. सिनेमातलं काहीसुद्धा नाही.

छान झालं म्हणायचं. पण इथेच एक पेच उभा राहिला. शरीर हलतच नाही, मग आत मेंदूत आकडी आली की नाही हे कळायचं कसं? जबडा आवळतो म्हणावं, तर तो नुसत्या करंटच्या धक्क्यानेही आवळतो. त्यावरून काही ठरत नाही.

यावर डॉक्टर मंडळींनी एक साधी, घरगुती म्हणावी अशी युक्ती काढली आहे. स्नायू सैल करणारं औषध द्यायच्या आधी एका हाताला किंवा पायाच्या घोट्याला ब्लडप्रेशर मोजायचा पट्टा बांधून तो घट्ट फुगवायचा. रक्तप्रवाह अडला, की औषध त्या पट्ट्याच्या पलीकडे पोचत नाही. साऱ्या शरीराला गुंगी, पण तेवढा एक पंजा मोकळा. आकडी आली की तो पंजा झटके देतो आणि सिस्टर घड्याळ लावून सेकंद मोजतात. बिनखर्चाची युक्ती आहे आणि अजूनही ती वापरतात.

पण हात थांबला म्हणजे मेंदू थांबला असं नसतं. बहुतेक वेळा मेंदूतली आकडी हातापेक्षा काही सेकंद जास्त चालते. कधीकधी तर खूपच जास्त. ते हाताकडे पाहून कळत नाही. त्यासाठी ती पट्टी लागते. तिला म्हणतात ईईजी. हृदयाचा जसा कार्डिओग्राम, तसा मेंदूचा हा आलेख.

बहिणीची तार

ईईजी शोधणाऱ्या माणसाची हकीकत सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. हान्स बर्गर हे जर्मनीतल्या येना गावचे मानसोपचाराचे डॉक्टर. तरुणपणी लष्करात असताना ते घोड्यावरून पडले आणि मागून येणाऱ्या तोफगाड्याच्या चाकाखाली सापडता सापडता वाचले. त्याच संध्याकाळी घरून वडिलांची तार. ‘बरा आहेस ना?’ अशा अर्थाची. घरी बहिणीला एकाएकी वाटलं होतं, की भावावर काहीतरी संकट आलंय, आणि तिनेच वडिलांच्या मागे लागून तार करवली होती.

बर्गरच्या मनातून ही गोष्ट कधी गेली नाही. एका मेंदूतलं दुसऱ्या मेंदूपर्यंत पोचतं तरी कसं, या ध्यासाने त्यांनी मेंदूतल्या शक्तीचा माग काढायला घेतला. तो माग काही सापडला नाही. पण १९२४ साली माणसाच्या मेंदूतली विजेची लहर त्यांनी प्रथमच कागदावर उतरवली. खात्री करण्यात पाच वर्षं घालवून १९२९ साली ते प्रसिद्ध केलं. स्वतःच्या मुलाच्या डोक्यालाही त्यांनी चकत्या लावल्या होत्या. लोकांनी विश्वास ठेवला नाही. १९३४ साली केंब्रिजच्या एड्रियन यांनी तेच दाखवून दिलं, तेव्हा कुठे जगाला पटलं. भावाबहिणीच्या मायेतून निघालेलं हे यंत्र!

पट्टी वाचायची कशी?

पहिल्या शॉकनंतर डॉक्टरांनी आम्हाला खोलीत बोलावलं आणि टेबलावर ती पट्टी उलगडली. कार्डिओग्रामसारखाच चौकटीचौकटींचा कागद. सेकंदाला २५ मिलिमीटर या चालीने तो यंत्रातून बाहेर येतो. सुनेची आकडी हातावर मोजली ती ३१ सेकंद आणि पट्टीवर ४४ सेकंद. ४४ सेकंदांचा कागद म्हणजे मीटरभराहून थोडा जास्त, साधारण साडीच्या पदराएवढा.

डॉक्टर बोट फिरवत गेले. सुरुवातीला शिवणयंत्राच्या बारीक टिपेसारखी जवळजवळ रेघोटी. आकडी पेट घेत असते ती ही वेळ. मग एकदम उंच, टोकदार, दाटीवाटीने उभे राहिलेले सुळके. नेहमीच्या लहरींच्या कितीतरी पट उंच. एरवी मेंदूच्या लाखो पेशी आपापल्या तालात बोलत असतात, बाजारातल्या कलकलाटासारख्या. आकडीत त्या सगळ्या एका तालात ओरडू लागतात, म्हणून सुळके उंच. मग हळूहळू ताल संथ होतो. एक टोकदार सुळका, त्यामागे एक गोलसर लाट, पुन्हा सुळका, पुन्हा लाट. सेकंदाला साधारण तीन. आणि मग एकाएकी सारं थांबून सपाट रेघ.

ती सपाट रेघ पाहून मी घाबरले. सिनेमात सपाट रेघ आली की समजावं, माणूस गेला! डॉक्टर हसले. म्हणाले, “ती हृदयाची रेघ. ही बघा, खाली हृदयाची चालूच आहे.” खरंच, त्याच कागदावर खालच्या बाजूला हृदयाची टोकं नियमित उमटली होती, उलट नेहमीपेक्षा भराभर. आकडीत हृदयाची गती वाढते. मेंदूची रेघ अशी कापल्यासारखी एकदम सपाट होणं हे आकडी चांगली आल्याचं लक्षण मानतात. मेंदूने स्वतःच आकडीला आवर घातला, असा त्याचा अर्थ. थोड्या वेळाने नेहमीच्या लहरी परततात आणि रुग्ण जागा होतो. काही यंत्रांत ही लहर ऐकूही येते. सूर थरथरत राहतो, आणि आकडी संपली की थरथर थांबते.

साधारण नियम असा, की पट्टीवरची आकडी २५ सेकंदांच्या आसपास तरी असावी. दोन-तीन मिनिटं उलटूनही ती थांबली नाही, तर शिरेतून औषध देऊन थांबवावी लागते, कारण इतका वेळ चाललेली आकडी मेंदूला थकवते, आणि नंतरचा गोंधळ व विसराळूपणा वाढवते. आता विचार करा. शरीर निपचित पडलेलं आहे, हातही थांबला आहे, सगळ्यांना वाटतंय आटोपलं, आणि आत मेंदूत वणवा चालूच आहे. पट्टी नसेल तर हे कुणाला कळणार?

अर्धी गोळी

दुसऱ्या शॉकच्या दिवशी डॉक्टर बाहेर आले ते कपाळाला आठ्या घालून. “काल रात्री हिला झोपेची गोळी कुणी दिली का?”

माईंचा चेहरा उतरला. सून रात्रभर येरझाऱ्या घालत होती. माईंना तिची दया आली आणि स्वतःच्या डबीतली अर्धी गोळी त्यांनी तिला मायेने दिली होती. अर्ध्या गोळीने काय होतंय!

व्हायचं ते झालं होतं. झोपेच्या पुष्कळशा गोळ्या आणि आकडी थांबवायची औषधं ही सख्खी भावंडं आहेत. जे औषध लांबलेली आकडी शमवायला टोचतात, त्याच जातीची ती गोळी. करंट दिला, जबडा आवळला, हात दोन-चार वेळा हलला. नुसतं पाहणाऱ्याला वाटलं असतं, झालं काम. पण पट्टीवर सुळके उभेच राहिले नव्हते. बारीक टीप उमटली आणि विरून गेली. भूल उतरायच्या आत, मिनिटभर थांबून, करंट वाढवून पुन्हा द्यावा लागला, तेव्हा ३८ सेकंदांची आकडी आली.

पट्टी नसती तर तो शॉक हिशेबात धरला गेला असता. असे दोन-तीन फुकट गेले असते, की आपणच म्हणायला मोकळे, ‘सहा शॉक दिले, काही उपयोग झाला नाही.’ माईंना डॉक्टर रागावले नाहीत. पण फिटच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, वैदूचा काढा, जे काही पोटात जात असेल ते सांगा, असं त्यांनी बजावलं. मैत्रिणींनो, माया करावी, पण विचारून.

बाईचा मेंदू आणि करंटचं माप

आणखी एक गोष्ट मला नवी होती. आकडी पेटायला किती करंट लागतो, हे माणसागणिक बदलतं. पुरुषांपेक्षा बायकांना सहसा कमी पुरतो, आणि वय वाढेल तसा जास्त लागतो. जुन्या यंत्रांतून घरातल्या विजेसारखी सलग लाट जाई. हल्लीच्या यंत्रांतून करंट अगदी सूक्ष्म ठोक्याठोक्यांनी जातो. एकेक ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा. त्यामुळे कमी विजेत काम भागतं आणि विसराळूपणाही कमी होतो. पहिल्या दिवशी थोड्यापासून सुरुवात करून, पट्टीकडे पाहत पाहत तुमच्या मेंदूचं माप काढतात. शिंप्याने माप न घेता सरसकट एकाच आकाराचे ब्लाउज शिवले तर आपण ते घेऊ का?

नुसती आकडी आली, पुरेशी लांब आली, एवढ्यावरही भागत नाही हे विशेष. अमेरिकेत सॅकाइम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नैराश्याच्या रुग्णांचे गट करून निरनिराळ्या प्रकारे शॉक दिले होते. आकडी सगळ्यांना व्यवस्थित आली. पण डोक्याच्या फक्त उजव्या बाजूला, जेमतेम आकडी पेटेल इतकाच करंट दिलेल्यांपैकी १७ टक्के सुधारले, तर दोन्ही बाजूंना दिलेल्यांत हे प्रमाण ६५ टक्क्यांच्या आसपास होतं. उजव्या बाजूलाच पण भरपूर करंट दिला, तर ४३ टक्के. म्हणून हल्ली नुसते सेकंद मोजून थांबत नाहीत. सुळके किती उंच, दोन्ही बाजूंना सारखे आहेत का, शेवटी रेघ किती लख्ख सपाट झाली, हेही पाहतात. बंगलोरच्या निम्हान्स संस्थेत डॉ. बी. एन. गंगाधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या लहरींचं गणित मांडून वर्षानुवर्षं संशोधन केलं आहे. दोन्ही बाजूंना शॉक दिला तर गुण लवकर येतो, पण विसरणंही जास्त. उजव्या बाजूला दिला तर विसरणं कमी, पण माप नीट हवं. हा तोल साधायला डॉक्टरांना पट्टी हवी असते.

पट्टी म्हणजे काही ब्रह्मवाक्य नव्हे. उत्तम पट्टी उमटूनही एखादीला गुण येत नाही, आणि यथातथा पट्टीवरही कुणी बरी होते. शेवटी डॉक्टरांनी रुग्णाच्या तोंडाकडे पाहायचं असतं, कागदाकडे पाहून भागत नाही. पण कागदाशिवाय हे सारं अंधारात चाचपडणं आहे, असं माझं मत झालं आहे.

सही करण्यापूर्वी

कायद्याचंही सांगते. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी कितीतरी वर्षं भूल न देताच शॉक दिले जात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारं औषध यांशिवाय शॉक द्यायला मनाई केली आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांना तो देता येत नाही. अगदीच गरज पडली, तर पालकांची संमती आणि मंडळाची आधी घेतलेली परवानगी, दोन्ही लागतात. तातडीचा उपचार म्हणूनही शॉक देता येत नाही. संमतीचा कागद रीतसर व्हावाच लागतो.

तो कागद पुढे आला की आपण बायका काय करतो? “ह्यांना विचारा” म्हणतो, नाहीतर न वाचता सही करतो. त्याऐवजी डॉक्टरांना सरळ विचारावं: डॉक्टर, आकडी आली की नाही हे तुम्ही कसं बघता? ईईजीची पट्टी निघते का? ती फाइलला लावता का? किती सेकंदांची आली, हे दर वेळी आम्हाला सांगाल का? शॉक एका बाजूला की दोन्ही, आणि का? विचारलं म्हणून चांगला डॉक्टर रागावत नाही. ज्या दवाखान्यात ईईजी नसेल, तिथे निदान पट्टा बांधून हात मोजतात का, आणि भूल देणारे डॉक्टर संपूर्ण वेळ हजर असतात का, हे तरी विचारावंच. जीवाचा धोका अगदी थोडा, लाख शॉकमागे सुमारे दोन मृत्यू, म्हणजे कुठल्याही छोट्या भुलेइतकाच. पण तो थोडा राहतो तो अशा काळजीमुळेच.

सुनेला एकंदर आठ शॉक लागले, आठवड्यातून दोन. तिसऱ्यानंतर तिने भाकरी मागितली. पाचव्यानंतर एका दुपारी बाळ रडलं तेव्हा ती आपण होऊन उठली आणि त्याला खांद्यावर घेऊन फिरायला लागली. माई दारात उभ्या राहून नुसत्या बघत होत्या, पुढे झाल्या नाहीत. गोळ्या मात्र पुढे पुष्कळ महिने चालू होत्या. त्या मधेच बंद केल्या तर दुखणं उलटतं, हे डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा सांगितलं होतं.

विसरणं झालंच. शॉकनंतर तासभर तिला वार आठवत नसे, ते ठीक. पण बाळंतपणाच्या आधीपासूनचे दोन-तीन महिने विरविरीत झाले. त्यातलं काही परत आलं, काही नाही. बारसं तिला अजिबात आठवत नाही. ते दुखण्याने गेलं की शॉकने, हे डॉक्टरही सांगू शकले नाहीत. काहींच्या आठवणी अशा कायमच्या जातात, आणि शॉकला विरोध करणारे याच गोष्टीवर बोट ठेवतात. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही.

परवा मी गेले तेव्हा ती बारशाचे फोटो काढून बसली होती. “काकू, मी ही हिरवी साडी कधी नेसले हो?” तिने विचारलं. मी सांगितलं, पाळण्यात नाव घालताना. कुणी गोविंद घ्या म्हटलं, आत्याने कानात कुर्र कसं केलं, पुरणपोळ्या किती झाल्या, सगळं. ती ऐकत होती, दुसऱ्या कुणाच्या बारशाची गोष्ट ऐकावी तशी. मग बाळ धडपडत आलं आणि फोटोवर हात मारू लागलं, तसं तिने ते सगळे फोटो उचलून कपाटात ठेवले आणि त्याच्या तोंडाला लागलेला वरणभात पदराने पुसला.